बाबांचा आठ तासांचा हिशोब

प्रिय आई-बाबा,

बाबा, कालनिर्णयच्या मागच्या पानावरचा तुमचा हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला. मुंबईहून रात्री ११ ला निघून सिंगापूरला सकाळी ७, म्हणजे ८ तास, आणि खाली लाल पेनने "हिचे गुडघे" लिहून दोन रेघा! अहो, ८ तास नाहीत ते. तिकिटावर निघायची वेळ तिकडच्या घड्याळाची असते आणि पोचायची इकडच्या, आम्ही तुमच्यापेक्षा अडीच तास पुढे, तेवढे वजा करा की साडेपाच उरतात, आणि त्यात विमान गेटवरून हलल्यापासून इथल्या गेटला लागेपर्यंतचं सगळं आलं, रनवेसाठी रांगेत थांबणंसुद्धा.

खरं सांगू का, मला विमानाची काळजीच नाहीये, काळजी आहे ती मुंबई विमानतळ गाठायची. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला, जवळपास ८ किमीचा बोगदा आहे, कसारा घाट वाचतो, सगळं कबूल, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाणे कुणाला चुकलंय? वर तीन तास आधी पोचा म्हणतात. म्हणजे आईचे पाय विमानात बसायच्या आधीच सुजणार.

म्हणून मी म्हणते आपल्या नाशिकच्या ओझर विमानतळावरूनच निघा. पंचवटीतून आडगाव ओलांडलं की आलंच. दिल्लीमार्गे मात्र नको, आधी हजारेक किमी उत्तरेला जायचं आणि मग तिथून ४१०० खाली यायचं, काय उपयोग? बंगळूरचं बघा. ओझर ते बंगळूर हवेतून ८७० च्या आसपास आणि पुढे सिंगापूर ३२००, बेरीज ४०७०. मुंबईहून सरळ ३९०० आहेच, म्हणजे दीड-दोनशे किमीच जास्त, कारण बंगळूर वाटेवरच पडतं. दुसरं विमान साडेचार तासांचं, मध्ये आईला पाय मोकळे करता येतील. फक्त तिकीट एकच काढायचं, दोन वेगळी नकोत, नाहीतर बॅगा बंगळूरला घेऊन परत द्यायची कटकट. आणि मध्ये चार तास तरी हवेत, टर्मिनल बदलावं लागू शकतं. व्हीलचेअर मी बुकिंगमध्येच टाकते, आई, लाजू नकोस गं, सगळेच घेतात.

परतीचं तिकीट बघून मात्र गोंधळू नका, इथून रात्री ८ ला निघून १० ला बंगळूर असं दिसेल, साडेचार तासच आहेत ते.

आणि बाबा, ती तंबाखूची पुडी घरीच ठेवा, इथे चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे, चालतं वगैरे काही नाही!

व्हिसासाठी दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो परत पाठवा, आईच्या फोटोत कडा कापल्या गेल्यात आणि खालच्या दोन ओळींवर तुमचा अंगठा आलाय. शेजारच्या पोराला काढायला सांगा.

तुमची,
ताई