कृष्णवर्णीय तरुण अभियंत्यांची वाट कौशल्यापाशी अडलेली नाही

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

अमेरिकेतील सरकारने आणि मोठ्या कंपन्यांनी समावेशकतेचे, म्हणजे वंश वगैरे कारणांनी मागे राहिलेल्यांना संधी देण्याचे, कार्यक्रम गुंडाळायला सुरुवात केल्यापासून इथल्या मराठी घरांतल्या गप्पांत एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा ऐकू येतो आणि तो महाराष्ट्रातही मोठ्या विश्वासाने मांडला जातो. आपण जसे संगणक शिकलो, परीक्षा दिल्या आणि पुढे गेलो, तसे कृष्णवर्णीय तरुणांनीही शिकावे, म्हणजे नोकऱ्या आणि बढत्या आपसूक मिळतील, वेगळ्या कार्यक्रमांची गरजच काय, असा तो युक्तिवाद आहे. मी मेरीलँड राज्यात बाल्टिमोरजवळ राहते, सॉफ्टवेअरच्या व्यवसायात बरीच वर्षे आहे आणि माणसे निवडण्याच्या बैठकांना नेहमी बसते. तिथे जे दिसते त्यावरून मला हा युक्तिवाद म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा प्रकार वाटतो.

शिकण्याची तयारी नसल्याचा आरोप तर इतिहासापुढे क्षणभरही उभा राहत नाही. व्हर्जिनियातील लँगली येथील वैमानिक संशोधन केंद्रात कृष्णवर्णीय महिला गणितज्ञांना वेगळ्या विभागात बसवले जात असे आणि १९४९ पासून डॉरोथी व्हॉन त्या विभागाच्या प्रमुख होत्या. इलेक्ट्रॉनिक संगणक आले की हाताने आकडेमोड करणाऱ्यांचे काम जाणार हे ओळखून त्या फोरट्रान ही संगणकभाषा शिकल्या आणि आपल्या सहकारी महिलांनाही त्यांनी ती शिकवली. आज ज्याला आपण बदलत्या काळाप्रमाणे कौशल्ये अद्ययावत करणे म्हणतो, ते या बाईंनी कोणाच्या सांगण्यावाचून केले होते. आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर १९८१ मध्ये बाजारात आला. त्यामागच्या मूळ नऊ पेटंटांपैकी तीन पेटंटांवर मार्क डीन या टेनेसीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय अभियंत्याचे नाव आहे. इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात १९७५ मध्ये विद्यार्थ्यांनी स्थापन केलेली कृष्णवर्णीय अभियंत्यांची राष्ट्रीय संघटना आजही देशभर काम करते. तेव्हा प्रश्न शिकण्याचा आहे असे म्हणणाऱ्याने आधी हे सगळे बाजूला सारण्याचे कारण सांगावे.

खरी अडचण शिक्षणानंतर सुरू होते. प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेने २०२१ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार अमेरिकेतील एकूण नोकरदारांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ११ टक्के होते, संगणक क्षेत्रात मात्र ते ७ टक्के आणि अभियांत्रिकी व वास्तुरचनेत अवघे ५ टक्के होते. या घसरणीतला काही भाग शाळा-महाविद्यालयांतल्या विषमतेतून येतो, हे मान्यच केले पाहिजे. पण सारखी पात्रता असतानाही दार सारखे उघडत नाही, हे मारिआन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्येच दाखवून दिले होते. बोस्टन आणि शिकागोतील जाहिरातींना त्यांनी सुमारे पाच हजार काल्पनिक अर्ज पाठवले. पात्रता तुल्यबळ ठेवून कोणत्या अर्जावर श्वेतवर्णीय वाटणारे आणि कोणत्या अर्जावर कृष्णवर्णीय वाटणारे नाव घालायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, तेव्हा श्वेतवर्णीय नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. पुढे २०१९ ते २०२१ या काळात मोठ्या कंपन्यांना ८० हजारांहून अधिक अर्ज पाठवून झालेल्या दुसऱ्या प्रयोगात हा फरक बराच कमी, म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपास आढळला, आणि त्यातला मोठा वाटा थोड्या कंपन्यांचा होता. सगळे मालक सारखे नसतात, ही त्यातली दिलासा देणारी बाजू.

तथापि माझ्या क्षेत्रात चांगल्या नोकरीचा प्रवास बहुतेक वेळा जाहिरातीच्याही आधी सुरू होतो. एखाद्या संघात जागा निर्माण होणार असे कळले की आतला कर्मचारी आपल्या ओळखीच्या माणसाचे नाव सुचवतो, त्याच्या अर्जावर रेफरलची खूण होते, आणि बाहेरून आलेल्या शेकडो अर्जांच्या ढिगात तो अर्ज वर येतो. यात कोणी कोणाचा द्वेष करत नाही. प्रत्येक जण आपल्या कॉलेजातल्या, आपल्या आधीच्या कंपनीतल्या, आपल्या शेजारातल्या माणसाचे नाव देतो, एवढेच. आपण मराठी माणसे इथे कशी पोहोचलो ते जरा प्रामाणिकपणे आठवून पाहावे. पुण्यातल्या महाविद्यालयाचे वरच्या वर्गातले विद्यार्थी आधीच इथे होते, त्यांनी अर्ज तपासून दिले, कोणत्या मुलाखतीत काय विचारतात ते सांगितले, पहिले काही आठवडे घरी ठेवून घेतले आणि मग रेफरलही दिला. मेहनत आपलीच होती, यात शंका नाही, पण ती कुठे लावायची हे कोणीतरी सांगितले होते. या मदतीला आपण ओळखपाळख म्हणतो आणि दुसऱ्या समाजासाठी तीच मदत कार्यक्रम म्हणून उभारली की तिला सवलत म्हणतो.

नोकरी मिळाल्यावरही हाच हिशेब चालू राहतो. बढतीच्या बैठकीत उमेदवार स्वतः नसतो, त्याची बाजू मांडणारा कोणीतरी वरिष्ठ तिथे लागतो. त्या वरिष्ठाला सांगण्यासारखे काही हवे असेल तर उमेदवाराला आधीच्या वर्षभरात दिसणारे काम मिळालेले असायला हवे, म्हणजे नवी प्रणाली उभारणे, मोठ्या ग्राहकासमोर मांडणी करणे, कोलमडलेली यंत्रणा रात्रीत पूर्ववत करणाऱ्या गटाचे नेतृत्व करणे. जुन्या प्रणालीतल्या चुका शोधत बसणे, नोंदी नीट ठेवणे, नव्या लोकांना रुळवणे ही कामेही आवश्यक असतात, पण त्यांच्या बळावर कोणी वरिष्ठ अभियंता झालेला मी पाहिलेला नाही. कोणते काम कोणाला द्यायचे हे ठरवणारा मधल्या फळीतला व्यवस्थापक असतो, आणि अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांच्या या फळीत आज भारतीय, त्यांत मराठीही, मोठ्या संख्येने आहेत. म्हणून हा विषय मराठी वाचकांपुढे मांडावासा वाटला. एका तुकडीत एकच कृष्णवर्णीय तरुणी असते, दुपारच्या जेवणाला बाकीचे हिंदी-मराठीत बोलत एकत्र जातात, आणि पुढच्या प्रकल्पाची अर्धी वाटणी त्या टेबलावरच होऊन गेलेली असते, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे.

केवळ प्रमाणपत्राने काय साधते, याचे आमच्या मेरीलँडमधले उदाहरण बोलके आहे. फोर्ट मीड येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे (एनएसए) मुख्यालय असल्याने या भागात सायबर सुरक्षेच्या नोकऱ्या भरपूर आहेत आणि त्यांसाठी लागणारे सिक्युरिटी प्लससारखे प्रमाणपत्र चार वर्षांच्या पदवीशिवायही मिळवता येते. बाल्टिमोरमधली कितीतरी मुले दिवसा दुकानात काम करून संध्याकाळी त्याचा अभ्यास करतात. परंतु यांतल्या बऱ्याचशा नोकऱ्यांना गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी लागते आणि त्या परवानगीसाठी व्यक्तीला स्वतःहून अर्ज करता येत नाही. कोणत्या तरी मालकाने किंवा सरकारी कार्यालयाने तिला पुढे करावे लागते. मालकांना साहजिकच आधीपासून परवानगी असलेला उमेदवार सोयीचा वाटतो. मग परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा हातात प्रमाणपत्र घेऊन दाराबाहेरच राहतो. त्याच्या कौशल्यात खोट कोणती?

पदवीची अट काढून टाकण्याच्या घोषणाही गेल्या काही वर्षांत पुष्कळ झाल्या. मेरीलँडने २०२२ च्या मार्चमध्ये राज्य सरकारच्या हजारो पदांसाठी पदवीची सक्ती काढली. त्याआधी २०२० च्या डिसेंबरात अनेक बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन चार वर्षांची पदवी नसलेल्या दहा लाख कृष्णवर्णीयांना दहा वर्षांत चांगल्या पगाराच्या कामांवर नेण्याचा संकल्प सोडला. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि नोकरीबाजाराचा अभ्यास करणारी बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये जाहिराती बाजूला ठेवून प्रत्यक्ष नेमणुका तपासल्या, तेव्हा अट शिथिल झाल्याचा लाभ आदल्या वर्षीच्या ७०० नेमणुकांमागे एकीलाही मिळाला नसल्याचे दिसले. जाहिरातीतली ओळ खोडणे सोपे असते, निवड करणाऱ्याची सवय तशी खोडता येत नाही.

तरीही काही प्रयत्न खऱ्या अर्थाने फळाला आले आहेत आणि ते का फळाला आले हे समजून घेण्यासारखे आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात युरी ट्राइसमन या तरुण गणितशिक्षकाला कॅल्क्युलसमध्ये इतके कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे का पडतात हा प्रश्न पडला. अनेक प्राध्यापकांची उत्तरे तयार होती: जिद्द कमी, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, पाया कच्चा. ट्राइसमन यांनी विद्यार्थ्यांच्या सोबत राहून पाहिले, तेव्हा ही मुले सांगितलेले तास भरून इमानेइतबारे अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे गणिते सोडवून मग एकत्र बसत, उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, कोणता प्राध्यापक परीक्षेत काय विचारतो याची माहितीही देत-घेत. आपल्याकडच्या वसतिगृहांत परीक्षेआधी जे चालते तेच. ट्राइसमन यांनी मग उजळणीचे सोपे वर्ग काढण्याऐवजी अधिक कठीण गणिते गटाने सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि विद्यार्थ्यांच्या निकालांत लक्षणीय सुधारणा झाली.

हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर आमच्या शेजारी, बाल्टिमोर काउंटीतील मेरीलँड विद्यापीठात राबवले गेले. फ्रीमन ह्राबाउस्की हे तिथले गणितज्ञ. लहान वयात, १९६३ च्या अलाबामातील बर्मिंगहॅममध्ये वंशभेदाविरुद्ध निघालेल्या बालमोर्चात सहभागी झाल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता. त्यांनी रॉबर्ट मायरहॉफ या दानशूर उद्योजकाच्या मदतीने १९८८ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि संगणकाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. केवळ पैसे देऊन ते थांबले नाहीत. पहिले सत्र सुरू होण्याआधी उन्हाळ्यात सगळ्यांना एकत्र राहून अभ्यास करायला लावणे, गटाने शिकणे बंधनकारक करणे, लवकरात लवकर प्रयोगशाळेत प्रत्यक्ष संशोधनाला बसवणे आणि प्रत्येकामागे एखादा जाणता माणूस उभा करणे, ही त्या योजनेची रचना आहे. प्रवेश मिळूनही दुसरीकडे गेलेल्या विद्यार्थ्यांशी तुलना केली असता मायरहॉफ विद्यार्थ्यांचे डॉक्टरेटकडे वळण्याचे प्रमाण सुमारे पाचपट असल्याचे अभ्यास सांगतात. मॉडर्नाच्या कोविड लसीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ किझमेकिया कॉर्बेट याच योजनेतून पुढे आल्या. १९९६ पासून ही योजना सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुली आहे, आणि ही बाब आजच्या वादात फार महत्त्वाची आहे.

पदवीपर्यंत पोहोचू न शकलेल्यांसाठी बोस्टनमध्ये २००० साली सुरू झालेल्या इयर अप या संस्थेचे उदाहरण घेता येईल. तिथे सहा महिने प्रशिक्षण आणि सहा महिने प्रत्यक्ष कंपनीत उमेदवारी, असे मूळ वर्ष आखलेले आहे, आणि त्या काळात विद्यावेतन मिळते. चिठ्ठीपद्धतीने निवडलेल्या गटांच्या तुलनेत या तरुणांची कमाई वर्षाला सात-आठ हजार डॉलरांनी जास्त आढळली आणि तो फरक अनेक वर्षे टिकला. माझ्या मते त्यातले दुसरे सहा महिने निर्णायक आहेत, कारण त्या काळात कंपनीतली माणसे त्या तरुणाला नावाने ओळखू लागतात.

विद्यापीठप्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर आणि समावेशकतेच्या कार्यक्रमांविरुद्धच्या २०२५ च्या जानेवारीतल्या अध्यक्षीय आदेशांनंतर या सगळ्यावर सावट आहे. सरकारी कंत्राटदारांना भेदभाव टाळण्यासाठी ठोस पावले उचलायला लावणारा तत्कालीन अध्यक्ष जॉन्सन यांचा १९६५ चा आदेश रद्द झाला. गूगल, मेटा यांसारख्या कंपन्यांनीही आपली उद्दिष्टे आणि कार्यक्रम मागे घेतले. त्याच १९६५ साली झालेल्या स्थलांतर कायद्याने जुनी वंशाधारित कोटापद्धत मोडली आणि आपल्यासारख्यांना इथे येण्याचा मार्ग खुला केला. नागरी हक्कांच्या चळवळीने जे वातावरण घडवले त्यावाचून तो कायदा संमत झाला असता असे मला वाटत नाही. हे ऋण आहे, आणि ते मानणाऱ्याने निदान गुणवत्तेच्या नावाने उपदेश करू नये.

कायदा बदलला तरी मधल्या फळीतल्या व्यवस्थापकाचे हात कोणी बांधलेले नाहीत. रेफरल देताना आपल्या वर्तुळाबाहेर पाहणे, दिसणारी कामे आळीपाळीने सगळ्यांना मिळतील असे पाहणे, आपल्या पदाला बाजारात काय पगार मिळतो हे नव्या सहकाऱ्याला मोकळेपणाने सांगणे, बढतीच्या बैठकीआधी प्रत्येक कनिष्ठाच्या कामाची टिपणे स्वतः तयार करणे, यांतली एकही गोष्ट वंशावर आधारलेली नाही आणि कोणत्याही आदेशाने ती निषिद्ध ठरत नाही. शिवाय नवशिक्यांना दिली जाणारी किरकोळ कामे आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाऊ लागल्याने पहिली पायरीच अरुंद होत आहे, त्यामुळे ओळखीचे महत्त्व कमी न होता वाढणार आहे.

इथली मराठी मंडळे नव्याने आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी मुलाखतीचा सराव आणि अर्जलेखनाची सत्रे घेतात, अनुभवी मंडळी त्यासाठी शनिवार मोकळा ठेवतात, आणि ती सत्रे खरोखर उपयोगी असतात. बाल्टिमोर परिसरात मॉर्गन स्टेट आणि बोवी स्टेट ही कृष्णवर्णीयांची दोन जुनी विद्यापीठे आहेत आणि दोन्हीकडे संगणकशास्त्राचे विद्यार्थी आहेत. आपल्या सत्रांचे निमंत्रण त्यांच्या विद्यार्थी संघटनांना पाठवायला एक ईमेल पुरतो. आमच्या मंडळात मी तसा प्रस्ताव ठेवला आहे. अटलांटा, ह्यूस्टन, वॉशिंग्टन अशा शहरांतल्या, जिथे अशी विद्यापीठे जवळच आहेत, त्या मंडळांतील वाचकांनीही तो आपापल्या कार्यकारिणीपुढे ठेवावा, यासाठी हे पत्र आपल्या दैनिकात छापावे ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक
कोलंबिया, मेरीलँड