सत्य विधान आणि वैध युक्तिवाद

महोदय,

‘हे विधान तर्कशुद्ध नाही’ आणि ‘त्यांचा युक्तिवाद खोटा आहे’ ही वाक्ये वृत्तपत्रांतील लेखांत आणि वाहिन्यांवरील चर्चांत वारंवार भेटतात. तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ती दोन्ही खटकतात, कारण त्यांत विशेषणांची अदलाबदल झालेली असते. विधान सत्य किंवा असत्य असते, युक्तिवाद वैध किंवा अवैध. आधारविधाने सत्य असताना निष्कर्ष असत्य निघणे अशक्य असावे, एवढीच वैधतेची अट आहे. ती आधारविधाने प्रत्यक्षात सत्य आहेत का, हे भूगोलाने, इतिहासाने किंवा बातमीदाराने सांगायचे.

वर्गात मी नद्यांचे उदाहरण देत असे. ‘सर्व नद्या अरबी समुद्राला मिळतात, कृष्णा ही नदी आहे, म्हणून कृष्णा अरबी समुद्राला मिळते.’ महाबळेश्वरला उगम पावून थेट बंगालच्या उपसागराला जाणाऱ्या कृष्णेच्या काठी वाढलेली मुले यावर हसत. तरीही हा युक्तिवाद वैध आहे, कारण खोट पहिल्या विधानात आहे, विधानांच्या जोडणीत नाही. याउलट, ‘काही नद्या अरबी समुद्राला मिळतात, तापी ही नदी आहे, म्हणून तापी अरबी समुद्राला मिळते’ यातील तिन्ही विधाने सत्य असूनही युक्तिवाद अवैध आहे. तापीच्या जागी कृष्णा घालून पाहावी: आकार तोच राहतो, आधारविधाने सत्यच राहतात आणि निष्कर्ष मात्र असत्य होतो. हे दुसरे उदाहरण मुलांना पचायला नेहमीच जास्त वेळ लागे. निष्कर्ष पटला की तिथपर्यंतची वाट कोणी तपासत नाही.

(‘तर्कवितर्कांना उधाण’ या आपल्या लाडक्या मथळ्याविषयी माझी तक्रार नाही. तिथे तर्क म्हणजे अंदाज, आणि तर्क लढवणे हा मराठीतला रुळलेला प्रयोग आहे.)

तक्रार आहे ती नकारार्थी वाक्यांबद्दल. ‘जिल्ह्यातील सर्व धरणे भरलेली नाहीत’ असे छापले, की एक वाचक त्याचा अर्थ ‘काही धरणे भरायची आहेत’ असा घेतो, तर दुसरा ‘एकही धरण भरलेले नाही’ असा. ‘सर्व धरणे भरली आहेत’ या विधानाचे व्याघाती विधान पहिले आहे. दुसरे केवळ विरोधी आहे. व्याघाती विधानांपैकी एक सत्य आणि दुसरे असत्य असावेच लागते, विरोधी विधाने मात्र दोन्ही असत्य असू शकतात. १० पैकी ६ धरणे भरली असतील, तर ‘सर्व भरली’ हेही असत्य आणि ‘एकही भरले नाही’ हेही असत्य. म्हणून बातमीत ‘काही धरणे अद्याप भरलेली नाहीत’ असे स्पष्ट लिहावे, आणि आकडा हाती असेल तर तोच मथळ्यात द्यावा, ही विनंती.

आपला,
तर्कशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा