पालकांना फक्त सहीपुरतं बोलावू नका

संपादक साहेब, नमस्कार.

माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला पाहिजेत, शाळेचा विकास आराखडा पण याच समितीने बनवायचा असतो, पण आमच्याकडे बऱ्याच आयांना आपण मेंबर आहोत हेच माहीत नव्हतं, रजिस्टर घरी येतं आणि सही घेऊन जातं. मीटिंग सकाळी अकराला, तेव्हा अर्धं गाव शेतात असतं, रोज बुडवून कोण येणार सांगा? मग म्हणतात पालकांना इंटरेस्ट नाही! हे ऐकून खरंच वाईट वाटतं.

मागच्या वर्षी नवीन बाईंनी संध्याकाळी सातला मंदिरासमोर मीटिंग ठेवली, आणि तक्रार नाही तर मुलांनी वाचून दाखवलं. नातवाला गोष्ट वाचताना बघून आजीच्या डोळ्यात पाणी आलं हो. तेव्हापासून आमच्या आया आळीपाळीने शाळेत जाऊन जात्यावरच्या ओव्या सांगतात.

शिक्षण विभागाला एवढीच विनंती, मीटिंगची वेळ गावाला विचारून ठरवा आणि आराखडा सहीच्या आधी मोठ्याने वाचून दाखवा.

– एक पालक