मलुंग्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेणाऱ्या साउंडवाल्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

१० डिसेंबरच्या आपल्या मानवी हक्क कला महोत्सवात एकाच मंचावर चार ठिकाणचे कलावंत आले: गुजरातचे सिद्दी (आफ्रिकी वंशाचा समाज), गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतले गायक, तमिळनाडूचे परई (हलगीसारखं चर्मवाद्य) वादक आणि आपल्याकडचे शाहीर व हलगीवाले. त्या संध्याकाळी तुम्ही जे केलंत, त्याचे आभार निवेदनाच्या दोन ओळींत मावणारे नव्हते. म्हणून हे जाहीर पत्र. थोडं तपशिलात लिहितोय, म्हणजे असा मंच उभारणाऱ्या दुसऱ्या मंडळांनाही ते कामी येईल.

सगळ्यात आधी क्रमाबद्दल. ‘सुरुवात दणक्यात हवी’ म्हणून ढोल-ताशा किंवा परई पहिली ठेवायची ही सगळीकडची सवय. तुम्ही कार्यक्रमपत्रिका उलटी करायला लावलीत. मोठ्या चर्मवाद्यांनंतर श्रोत्यांचे कान काही काळ बधिर होतात, मग हळू वाद्याचा आवाज कितीही वाढवला तरी तो पातळच वाटतो आणि माइक-स्पीकरची शिट्टी मात्र सुरू होते. म्हणून सिद्दींचा मलुंगा पहिला, मग द्रानयेन हे तिबेटी तंतुवाद्य, मग शाहिरी, शेवटी परई आणि हलगी. निम्मं काम या कागदावरच झालं, असं आमचं ठाम मत आहे.

मलुंगा म्हणजे एकतारी धनुष्य, त्याला बांधलेला भोपळा. वादक भोपळ्याचं तोंड पोटाला टेकवतो, दूर नेतो, आणि त्यातून नाद बदलतो. काठीचा टोला हा त्याचा अर्धाच भाग. असं वाद्य आलं की बहुतेक जण लाकडाला चिकटवायचा पिकअप (कंपनं पकडणारा छोटा माइक) लावून मोकळे होतात. त्यातून नुसती ‘टक टक’ येते, भोपळा ऐकूच येत नाही. तुम्ही लहान कंडेन्सर माइक भोपळ्याच्या बाजूने, साधारण वीतभर अंतरावर, थोडा तिरका लावलात, म्हणजे भोपळा हलला तरी आपटणार नाही. त्या दहा मिनिटांत मंचावरचे बाकी सगळे माइक बंद ठेवलेत आणि कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट चालू-बंद करताना फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) खाली घेतलात, त्यामुळे स्पीकरमधून एकही ‘धप्प’ आला नाही. मुगरमान हा उभा ढोल शेजारीच होता. तो वाजेपर्यंत त्याचा माइक उघडला नाहीत. शेवटच्या रांगेतल्या माणसाला भोपळ्याचा श्वास ऐकू आला तो यामुळे.

द्रानयेनला सहा तारा, दोन-दोनच्या तीन जोड्या. दिव्यांच्या उष्णतेने त्या उतरतात आणि जोडीतल्या दोन तारा एकमेकींपासून किंचित हटल्या की गाणं बेसूर वाटतं. तुम्ही समोरचे गरम दिवे त्या वेळेपुरते मंद करायला सांगितलेत आणि वादकाला दिव्याखालीच पाच मिनिटं बसवून मग तारा लावून घेतल्या. हे ग्रीनरूममध्ये करून उपयोग नसतो.

पोवाड्यात शब्द गेला की सगळं गेलं. डफ शाहिराच्या तोंडाजवळ असतो, त्यामुळे गाण्याच्या माइकमध्ये तो आपसूक शिरतोच. त्याला वेगळा माइक दिला की शब्द बुडतात. तुम्ही डफाला माइकच दिला नाहीत. तो माइक दिलात तुणतुण्याला, खालच्या कातड्याजवळ. शाहिराच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, फक्त त्याचा आवाज आणि तुणतुणं, म्हणून सूर सुटला नाही. झीलकऱ्यांनाही (मागे सूर धरणाऱ्या साथीदारांना) प्रत्येकी एक माइक मिळाला. दोघांत एक दिला की उंच माणूस ऐकू येतो आणि बुटका हरवतो. गाण्याच्या सगळ्या चॅनेलवर १०० हर्ट्झच्या खालचं कापलंत, मंचाच्या फळ्यांची धडधड तिथेच थांबली.

आता परई आणि हलगी. डिसेंबरच्या दवात कातडं सैल पडतं आणि टणत्कार जाऊन ‘भद्द’ आवाज येतो. ती शेकावीच लागतात. मंचामागे, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, केबलपासून लांब तुम्ही शेकोटीची जागा आखून दिलीत, शेजारी वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या ठेवल्यात. कातडं जास्त तापलं तर फाटतं, कमी तापलं तर दोन गाण्यांतच उतरतं. म्हणून काही वाद्यं मंचावर आणि काही शेकोटीजवळ, अशी अदलाबदल चालू राहिली. वादक नाचत फिरतात, तेव्हा स्टँडवरचा माइक एकाचाच आवाज पकडतो. तुम्ही मंचाच्या काठावर तीन माइक अंतर राखून ठेवलेत आणि आवाज फारसा वाढवलाच नाहीत, कारण त्या वाद्यांना गरज होती ती स्पष्टतेची.

याहून मोठी गोष्ट म्हणजे या वादकांना पूर्ण साउंड चेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी) मिळाला. परई आणि हलगी या दोन्ही वाद्यांवर जातीने लादलेल्या कामाचं ओझं आहे, मयताच्या मिरवणुकीपासून गावच्या दवंडीपर्यंत. आजही कित्येक सोहळ्यांत या वादकांना पाहुण्यांच्या स्वागताला फाटकावर उभं करतात आणि मंचावर बोलावत नाहीत. तुमच्या वेळापत्रकात प्रत्येक गटाला सारखीच वेळ होती आणि ‘वाजवून झालं, आता बाजूला व्हा’ असं कोणी त्यांना म्हटलं नाही. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचं २७वं कलम प्रत्येकाला सांस्कृतिक जीवनात भाग घ्यायचा हक्क देतं. तो हक्क मिक्सरवरही द्यावा लागतो, हे तुम्ही भाषण न करता दाखवलंत.

विजेचं काम कोणाला दिसत नाही, म्हणून तेही लिहितो. साउंड एका फेजवर, दिवे दुसऱ्यावर, त्यामुळे डिमरची (दिवे मंद करणाऱ्या यंत्राची) गुणगुण स्पीकरमध्ये आली नाही. जनरेटर सुरू करण्याआधी तुम्ही न्यूट्रलचे बोल्ट स्वतः आवळलेत आणि तो सुरू झाल्यावर, काहीही जोडण्याआधी, मीटरने व्होल्टेज पाहिलंत. न्यूट्रल सुटला तर २३०च्या जागी ३०० व्होल्टच्या वर जाऊ शकतं आणि मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर सगळं एका क्षणात जळू शकतं. मागच्या लोकांसाठी मैदानात मध्ये उभ्या केलेल्या स्पीकरचं गणितही तसंच नेमकं. ते मुख्य स्पीकरपासून ३० मीटरवर होते. आवाजाला तेवढं अंतर कापायला साधारण ८८ मिलिसेकंद लागतात. तुम्ही मधल्या स्पीकरचा आवाज १०० मिलिसेकंद उशिरा सोडलात, म्हणजे मागच्या लोकांना आवाज मंचावरूनच येतोय असं वाटलं.

नियमाप्रमाणे उघड्या मैदानात रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, आणि वाद्यंसुद्धा. ‘माइक काढला की ढोल चालतो’ हा गैरसमज आहे. तुम्ही शेवटची परई साडेनऊला थांबेल असं वेळापत्रक मागून पुढे मांडलंत, म्हणून कोणाचंही गाणं अर्ध्यात तोडावं लागलं नाही.

तुमच्या हातची इनपुट लिस्ट (कोणत्या वाद्याचा माइक मिक्सरच्या कोणत्या चॅनेलवर, याची यादी), प्रत्येक वाद्याचा फोटो आणि माइकची जागा दाखवणाऱ्या खुणांसकट, आम्ही जपून ठेवली आहे. तुमची हरकत नसेल तर ती मागणाऱ्या मंडळांना तुमच्या नावानिशी देऊ. पुढच्या वेळी गोव्याहून घुमट आणायचा विचार आहे. मातीचं मडकं, बकरीचं कातडं, मागचं तोंड हाताने झाकत-उघडत वाजवायचं. माइक पुढे लावायचा की मागे, हे पत्रिका छापण्याआधीच तुम्हाला विचारू.

तुमचे ऋणी,
महोत्सवाच्या मंचाची व्यवस्था पाहणारे आम्ही सर्व