आधी शिवण, मग कात्री

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळासाठी भिरभिऱ्यांचे दुपटे शिवण्याची कृती आली आहे. चित्र सुरेख आहे, रंगही छान निवडलेत, पण माप चुकले आहे. कृती सांगते की तीन इंची चौरस कापा, कर्णावर दुभागा, गडद त्रिकोणाला फिका त्रिकोण जोडा. असे १६८ चौकोन केले की ३६ बाय ४२ इंचांचे दुपटे होईल. ते होणार नाही. पाव इंच माया, म्हणजे शिवणीत आत जाणारी कड, धरून जसेच्या तसे शिवले, तर दुपटे पावणेसव्वीस बाय तीस भरेल.

हिशेब असा. दोन त्रिकोण कर्णावर जोडताना दोन्हींची पाव पाव इंच माया शिवणीत जाते. कर्णाला काटकोनात पाव इंच गेले, की चौकोनाच्या बाजूतून पाव गुणिले १.४१४, म्हणजे ०.३५४ इंच कमी होतात. शिंप्याच्या भाषेत जवळजवळ तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तीन इंची चौरसाचा दुरंगी चौकोन उघडल्यावर दोन इंच पाच सूत राहतो. तो शेजाऱ्यांना जोडताना चारी बाजूंनी पुन्हा पाव पाव इंच जातो. उरतो दोन इंच एक सूत. आडवे बारा आणि उभे चौदा असे चौकोन मांडून पाहा.

चार जोडले की एक भिरभिरे होते अशा या दुरंगी चौकोनाला क्विल्ट शिवणाऱ्या हाफ स्क्वेअर ट्रँगल म्हणतात, बोलताना नुसते एचएसटी. शिवून उरणारा चौकोन तीन इंची हवा असेल तर जोडण्याआधी तो साडेतीन इंची हवा आणि त्यासाठी चौरस कापायचा तीन इंच सात सूत. ‘हव्या मापात सात सूत मिळवा’ हा नियम सगळीकडे सांगतात. चारी बाजूंच्या मायेचा अर्धा इंच, त्यात वरचे ०.३५४ मिळवले की ०.८५४ होतात. फूटपट्टीवर याच्या सर्वांत जवळचा आकडा सात सूत, म्हणजे ०.८७५. शिल्लक उरते ती एका सुताच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. शिवण केसभर आत गेली किंवा इस्त्रीत घडी नीट उघडली नाही, तर तेवढे कधीच संपते आणि चौकोन लहान भरतो. लहान भरलेल्या चौकोनाला पुढे काही इलाज नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. सात सूत विसरा, पुरता एक इंच मिळवा, चार इंची चौरस कापा आणि शिवून झाल्यावर साडेतीन इंचांवर छाटा. कापड थोडे जास्त लागते, पण उसवायला जाणारा वेळ वाचतो.

दुसरी चूक क्रमाची, आणि ती मापाच्या चुकीपेक्षा मोठी. कृतीत आधी त्रिकोण कापायला सांगितले आहेत. सुती हातरुमाल घ्या. उभा ओढा, आडवा ओढा, फारसा हलणार नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. लगेच लांबतो, मधे चिंचोळा होतो आणि सोडल्यावर पूर्ण जागेवर येत नाही. कर्णाच्या दिशेला आधाराचा धागाच नसतो. उभे आणि आडवे धागे ढिल्या बाजेसारखे एकमेकांवर तिरके सरकतात. त्रिकोण कापला की त्याची सर्वांत लांब कड नेमकी या उरेब दिशेला उघडी पडते. मशीनचे दाते खालचे कापड पुढे ढकलतात, सुईजवळ कापड दाबून धरणारे फूट वरचे मागे दाबते, आणि कड लाटेसारखी होते. असे १६८ लाटदार चौकोन जोडून सपाट दुपटे होत नाही. मधे पोट आणि कडेला झोळ येतो.

उपाय जुना आहे. गडद-फिक्या चौरसांची जोडी अखंड असतानाच कर्णाच्या दोन्ही बाजूंनी शिवायचे आणि मगच कर्णावर कापायचे. उरेब कड उघडी पडते तेव्हा तिला शिवणीने आधीच बांधलेले असते. एका जोडीतून दोन चौकोन मिळतात. घरातल्या चिंध्या वापरायच्या असतील, प्रत्येक चौकोनात वेगळे कापड हवे असेल, तर हीच रीत बरी. पण पुरवणीतल्या दुपट्यात दोनच कापडे आहेत, आणि तिथे दोनदोन करत बसणे म्हणजे प्रत्येक रंगाचे ८४ चौरस कापणे. त्यापेक्षा एका जोडीतून आठ काढावेत. मग प्रत्येक रंगाचे २१ चौरस पुरतात.

आठाच्या रीतीत चौरस दुप्पट घ्यायचा, चार दुणे आठ इंच. गडद आणि फिका चौरस सुलट बाजू आतल्या अंगाला करून एकावर एक ठेवा, फिका वर. फिक्याच्या उलट बाजूवर दोन्ही कर्ण आखा. प्रत्येक कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवण घाला, म्हणजे एका जोडीवर चार शिवणी. टाका दोन ते अडीच मिलीमीटर, इंचाला दहा-बारा. कोपऱ्यापासून थेट सुरुवात केली की सुई कापडाचे टोक खालच्या भोकात ओढते. म्हणून आधी चिंधीवर चार टाके घालून तिथूनच चौरसावर यावे, आणि एक जोडी संपली की दोरा न तोडता पुढची फुटाखाली सरकवावी. शिवण झाली की चौरस सपाट ठेवून न हलवता कापा. बरोबर मध्यावर, चार इंचांवर उभा छेद, तसाच आडवा. शेवटी दोन्ही कर्णांवर. आठ तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा उघडला की दुरंगी चौकोन. उभ्या-आडव्या छेदाच्या आधी कर्ण कापले तर तुकडे सरकतात आणि मध्य सापडत नाही.

या रीतीत दोन अडचणी आहेत. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला ती नको. भिरभिऱ्यात काही पात्यांवर पट्टे उभे येतात, काहींवर आडवे. आणि चौरस फार मोठा घेतला तर थर मधे सरकतात. तयार चौकोन सहा इंचांहून मोठा हवा असेल तर परत दोनाच्या रीतीकडे वळावे.

चारांचीही एक रीत आहे. दोन चौरसांच्या चारी कडांनी शिवण घालून मग दोन्ही कर्णांवर कापायचे. व्हिडिओत फार झटपट दिसते. तीत चौकोनाच्या बाहेरच्या चारही कडा उरेब येतात, म्हणजे ज्या दुखण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच चौपट होऊन परत येते. खळ देऊन कडक केलेल्या कापडावर, छोट्या पिशवीला किंवा उशीच्या अभ्र्याला चालेल. दुपट्याला नाही.

पाव इंचाबद्दल जरा बारकाईने सांगावे लागेल, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. मशीनच्या फुटाची कड सुईपासून पाव इंचावर असतेच असे नाही, ते मशीनगणिक बदलते. शिवाय उघडलेल्या शिवणीची घडी एक-दोन धागे खाते, म्हणून शिवणीची माया पाव इंचाहून किंचित कमी हवी. तपासायला दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारीशेजारी जोडून इस्त्री करा. एकूण रुंदी साडेतीन आणि मधली पट्टी बरोबर एक इंच भरली पाहिजे. मधली कमी भरली तर शिवणीत माया जास्त जाते आहे. मग मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टीचे चार-पाच थर लावून कुंपण करावे आणि पट्ट्या पुन्हा शिवून पाहाव्यात. कर्णाच्या शिवणीला मात्र हे कुंपण उपयोगी नाही, कापड त्याच्यावरून पलीकडे जाते. तिथे कर्णाबरोबर शिवणीच्याही रेघा दोन्ही बाजूंना आखाव्यात आणि रेघेवरून सुई न्यावी. अर्ध्या सुताची चूक किरकोळ वाटते, पण बारा चौकोनांच्या ओळीत ती पाऊण इंच होते.

रेघेसाठी बॉलपेन नको, शाई फिक्या कापडातून सुलट बाजूला उतरते. टोकदार पेन्सिल किंवा धारदार केलेला खडू चांगला. इस्त्रीने उडणाऱ्या शाईची पेने हल्ली सर्रास मिळतात. ती शाई उडत नाही, उष्णतेने फक्त दिसेनाशी होते आणि कडाक्याच्या थंडीत परत उमटते. शिकागोतल्या नातवासाठी दुपटे जाणार असेल तर हे लक्षात ठेवावे.

कापडाचा अंदाजही पुरवणीत दिलेला नाही. ४४ इंच पन्ह्यात किनारी सोडून चाळीसेक इंच वापरायला मिळतात, म्हणजे आठ इंची पट्टीत पाच चौरस. २१ चौरसांना चार पट्ट्या पुरत नाहीत, त्या एका जास्तीच्या चौरसासाठी पाचवी पट्टी काढावी लागते. पाच पट्ट्यांचे ४० इंच, म्हणजे मीटरला थोडे वरच. आटणे आणि कड सरळ करणे धरून प्रत्येक रंगाचे सव्वा मीटर घ्यावे. अस्तर आणि मधला थर वेगळा. कापण्याआधी कापड धुवून आटवून घ्या. गडद लाल, नीळ आणि अजरख तर वेगळे धुवा आणि ओल्यावर पांढरी चिंधी घासून रंग सुटत नाही ना ते पाहा. फिक्याला डाग लागला तर दुपट्याचा उठावच गेला.

पॉपलीन, केंब्रिक सगळ्यात सोपे. खादी किंवा जुन्या साडीचे कापड मऊ आणि सैल असते, त्याला खळ द्यावी. तांदळाची पातळ पेज किंवा साबुदाण्याची खळ चालते. मात्र खळ आणि इस्त्री कापण्याआधी. चौरस कापून मग ओले केले की मापे फिरतात. दुपटे पुरे झाल्यावर खळ धुवून टाकावी, नाहीतर कसर लागते.

इस्त्री फिरवायची नसते, दाबायची असते. चौकोन मिटलेलाच ठेवून आधी शिवणीवर दाबा, टाके कापडात बसतात. मग गडद बाजू वर ठेवून उघडा आणि माया गडदाच्या अंगाला वळवा. वाफ नको, ओल्या उरेब कापडावर इस्त्री सरकली की चौकोनाचा पतंग होतो. सगळ्या माया गडदाकडे वळवल्या असतील तर भिरभिरे जोडताना समोरासमोरच्या शिवणी आपोआप उलट दिशांना येतात आणि एकमेकींत अडकून बसतात. बोटाने चाचपले तरी कळते. तिथे टाचणी लावली की मध्यबिंदू हलत नाही. मध्यावर आठ थरांचा गड्डा होतो. शेवटच्या शिवणीतले मायेपुरते दोन-तीन टाके उसवून माया गोल फिरवल्या की तो चपटा बसतो.

छाटणी मात्र टाळू नका. चौकोनी फूटपट्टीवरची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवा आणि साडेतीन इंचांच्या खुणा चौकोनाच्या आत आहेत ना ते पाहा. दोन बाजू कापा, चौकोन अर्धा फिरवा, साडेतीनच्या रेघा कापलेल्या कडांवर बसवून उरलेल्या दोन बाजू कापा. प्रत्येक बाजूने निघते अर्ध्या सुताहून जरा जास्त, आणि कोपऱ्यातले कान, म्हणजे बाहेर डोकावणारी टोके. नुसती कड बघून छाटले आणि शिवणीकडे लक्ष दिले नाही, तर चौकोन मापात येतो पण कर्ण कोपऱ्यातून जात नाही आणि भिरभिऱ्याचे टोक बोथट होते. रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याची सुरी, जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली आणला, तेव्हापासून हे काम सोपे झाले. तो नसला तरी अडत नाही. जुन्या एक्स-रे फिल्ममधून साडेतीन इंची चौरस कापा, त्यावर सुईने कर्ण ओरखडा, तो शिवणीवर बसवून भोवती पेन्सिल फिरवा आणि कात्रीने कापा. आरपार दिसते, हे पुठ्ठ्यात होत नाही.

आपल्या वाकळीत, गोधडीत हे गणित लागत नाही हे खरे. तिथे तुकड्याची कड आत दुमडून वरून धावदोरा घालतात, सूतभर इकडेतिकडे झाले तर हातच सांभाळून घेतो. कदाचित म्हणूनच लेखात मापे सैल राहिली असावीत. पण मशीनवर कडेला कड जोडताना ही सवलत नसते. आमची विनंती एवढीच की अशा कृतींत ‘कापायचे माप’ आणि ‘शिवून उरणारे माप’ ही दोन्ही वेगवेगळी छापावीत आणि माया किती धरली तेही लिहावे.

पुरवणी वाचून कुणी तीन इंची त्रिकोण कापूनही बसले असेल, तर ते टाकू नयेत. कापून झालेच आहेत, तेव्हा त्यांना हलकी खळ देऊन सुकवावे, न ओढता शिवावे आणि उघडल्यावर अडीच इंचांवर छाटावे, दोन इंची चौकोन मिळतो. असे १६८ चौकोन २४ बाय २८ भरतात. मग डाव्या-उजव्या बाजूंना साडेसहा बाय साडेअठ्ठावीस इंचांच्या दोन पट्ट्या आणि वर-खाली साडेसात बाय साडेछत्तीस इंचांच्या दोन पट्ट्या जोडल्या, की दुपटे बरोबर ३६ बाय ४२ होते. पट्ट्यांचे कापड फिके घ्यावे.

आपल्या,
क्विल्ट शिवणाऱ्या काही वाचक, पुणे