खेळाडू सुट्ट्या पैशांत दिसावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात कॅनडाहून सुटीवर आलेल्या माझ्या भाच्याने कोटाच्या खिशात राहून गेलेली मोड माझ्यासमोर टेबलावर ओतली. मामाला जुन्या नाण्यांचा नाद आहे, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. त्या चिल्लरीत 2007 सालचे 25 सेंटचे एक नाणे निघाले. त्याच्या एका बाजूस राणी एलिझाबेथ आणि दुसऱ्या बाजूस व्हीलचेअरवर बसून दगड पुढे ढकलणारा कर्लिंगचा खेळाडू आहे. वापरून वापरून नाण्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. त्या झिजेमुळेच हे पत्र लिहावेसे वाटले.

व्हँकुव्हर येथे 2010 साली झालेल्या हिवाळी ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकच्या निमित्ताने कॅनडाच्या टाकसाळीने 2007 ते 2009 या काळात बारा क्रीडाप्रकारांची 25 सेंटची नाणी काढली. त्यांपैकी दोन पॅरालिम्पिक खेळांची होती : व्हीलचेअर कर्लिंग आणि स्लेज हॉकी, म्हणजे छोट्या घसरगाडीवर बसून खेळायची बर्फावरची हॉकी. ही नाणी मखमली डबीत बसवून विकण्यापुरती नव्हती. ती दर्शनी मूल्यानेच चलनात आली, बसच्या तिकिटाला आणि कॉफीच्या पेल्याला खर्च झाली आणि आजही, माझ्या भाच्याच्या खिशाप्रमाणे, कुठे ना कुठे फिरत आहेत.

आपल्याकडे कर्लिंग फारसे परिचित नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ग्रॅनाइटचा सुमारे वीस किलोचा दगड बर्फावरून सरकवत दूरवरच्या वर्तुळाच्या मध्याशी नेऊन थांबवायचा, असा हा खेळ आहे. धडधाकट खेळाडूंच्या सामन्यात दगड सुटल्यावर साथीदार पुढे धावत बर्फ घासतात आणि त्याचा वेग व वळण सावरून घेतात. व्हीलचेअर कर्लिंगमध्ये ही सोय नाही. खुर्ची जागची हलू नये म्हणून बहुधा एक साथीदार मागून चाके धरून बसतो, खेळाडू लांब दांड्याने दगड ढकलतो आणि तो एकदा सुटला की त्याला सावरणारे कोणी नसते. या बाबतीत हा प्रकार मूळ खेळापेक्षा अवघडच म्हणायला हवा. कॅनडाच्या संघाने 2006 साली ट्युरिनमध्ये आणि नंतर व्हँकुव्हरमध्येही याचे सुवर्णपदक मिळवले. स्लेज हॉकीत मात्र घरच्या मैदानावर त्यांना चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. नाणे 2009 मध्येच निघून गेले होते आणि पदक हुकले म्हणून ते कोणी परत बोलावले नाही. नाणे विजयाचे नव्हे, खेळाचे होते, हे मला विशेष आवडले.

रशियाने सोची येथील 2014 च्या पॅरालिम्पिकनिमित्त 25 रुबलचे नाणे काढले, पण त्यावर खेळाडू नाहीच. सूर्यकिरण आणि हिमकण या नावांची दोन गोंडस शुभंकरे तेवढी आहेत. नाणे देखणे आहे, हे मान्य. परंतु ज्यांच्यासाठी ते पाडले, त्यांचे शरीर, त्यांची खुर्ची, त्यांचा दांडा दाखवायचे टाळून बाहुल्या दाखवणे मला खटकते.

आपल्या देशातही खेळांची नाणी चलनात आली आहेत. 1982 च्या आशियाई स्पर्धांचे 25 पैसे आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे दोन व पाच रुपये माझ्या पिढीने बाजारात खर्च केले आहेत. अलीकडे मात्र बहुतेक स्मारक नाणी दर्शनी किमतीच्या अनेक पटींनी, आगाऊ नोंदणी करून, आमच्यासारख्या संग्राहकांच्या कपाटात जातात. संग्राहक म्हणून माझी त्याबद्दल तक्रार नाही, पण त्या नाण्यावर काय कोरले आहे, हे भाजीवालीला किंवा शाळकरी मुलाला कधीच कळत नाही. चलनी नाण्यांवर विशेष चिन्ह उमटवणे आजही अशक्य नाही, कारण 2022 मध्ये अमृतमहोत्सवाचे बोधचिन्ह असलेली एक ते वीस रुपयांची नाणी निघालीच होती. दृष्टिहीनांना हाताने ओळखता यावे, म्हणून 2019 च्या मालिकेत वीस रुपयांचे नाणे बारा कोनांचे करण्यात आले. म्हणजे नाणे पाडताना अपंग व्यक्तीचा विचार करण्याची सवय आपल्या टाकसाळींना झाली आहे.

म्हणून केंद्रीय अर्थ मंत्रालयाने दोन किंवा पाच रुपयांचे एक पॅरालिम्पिक नाणे चलनात आणावे, अशी माझी विनंती आहे. आपल्याकडे त्यासाठी हिवाळी खेळच हवा असे नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी 1972 साली हायडलबर्ग येथे 50 मीटर जलतरणात भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांची छबी छापावी, असे मी म्हणत नाही. कॅनडाच्या नाण्यावरही कोणा खेळाडूचे नाव नाही. पाणी कापत निघालेला एक जलतरणपटू आणि खाली 1972 एवढे पुरे आहे. मुंबईच्या टाकसाळीतून ते निघाले, तर पहिले नाणे मी संग्रहात ठेवीन आणि बाकीची किराणा दुकानात खर्च करीन.

आपला विश्वासू,
एक नाणेसंग्राहक वाचक, पुणे