भंगाराच्या दुकानातल्या काकाजींना, चिठ्ठ्यांबद्दल

काकाजी, सप्रेम नमस्कार.

मोबाइल तुम्ही फक्त बोलायला वापरता, त्यामुळे इथं सगळ्यांसाठी लिहिलेलं हे पत्र तुमची नातच वाचून दाखवेल. जुन्या फुलदाण्यांना तुम्ही बांधता त्या चिठ्ठ्यांबद्दल दुकानात येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "राहू द्या ना मॅडम, चहा घ्या" म्हणून विषय तोडता. इथं तुम्हाला मधे बोलता येणार नाही. शिवाय जुन्या फुलदाण्या जमवणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. वर्धा जिल्ह्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये काय काम चालतं, ते त्यांनाही कळू दे.

भंगारात काचेला सगळ्यात कमी भाव. लोखंड, तांबं, पितळ, रद्दी, प्लास्टिक, आणि सगळ्यात शेवटी काच. फोडून पोत्यात भरली की जागा कमी लागते, म्हणून काच आली की आधी हातोडी. तुम्ही मात्र आधी मला फोन करता. "मॅडम, एक उभी काच आली आहे. फोडू, का येऊन राहिल्या?" मी आल्याशिवाय तुम्ही ती फोडत नाही आणि परीक्षेच्या दिवसांत मला यायला उशीर झाला तरी कुरकुर करत नाही.

फोन करणारे दुकानदार नागपुरात आणि अमरावतीतही भेटतात. त्यांच्याकडची फुलदाणी धुऊनपुसून लख्ख केलेली असते आणि खाली एक चिकटपट्टी: 'अँटिक, इंग्लंड'. फिरोजाबादची असो, जपानची असो, सगळ्यांचा जन्म इंग्लंडातच! कुणाच्या घरची म्हणून विचारलं की "मोठ्या घरची" एवढंच उत्तर. तुमच्याकडे सुतळीनं बांधलेली वहीच्या पानाची चिठ्ठी असते. कुठलं गाव, कुणाचं घर, कोणत्या खोलीत होती, विकायला कोण आलं, का विकली. अक्षर तुमचं, ऱ्हस्व-दीर्घ तुमचे आणि शेवटी तारीख. हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, चोरीचा माल निघाला तर पोलिसांना दाखवायला बरं पडतं. असेल. पण पोलिसांना 'माडीवर, आरशाजवळ' कशाला लागतं?

ती लाल फुलदाणी आठवते ना, कमरेला बारीक, अंगावर पांढऱ्या रंगातली फुलं आणि ओठाजवळचा सोन्याचा मुलामा जवळजवळ पुसलेला? बुडाशी भिंगाखाली पुसट गोल शिक्का दिसतो, चेकोस्लोव्हाकियाचा. तो देश झाला १९१८ साली, म्हणजे फुलदाणी त्यानंतरची. अंगातला लाल हा काचेचा नाही. काच बिनरंगी, स्वच्छ आणि लाल वरून चढवलेला पातळ थर. कोरीव काम जिथे आहे तिथे तो कापला जाऊन खालची काच दिसते. उत्तर बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, एगरमन नावाच्या कारागिरानं १८३२च्या सुमारास ही युक्ती बसवली. तांब्याचे क्षार लावायचे आणि पुन्हा भट्टीत तापवायचं. सोनं घालून काच लाल करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त, म्हणूनच तो माल जगभर गेला आणि आमच्याकडच्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, दिवाणखान्यांतही येऊन बसला. एवढं मी शिक्क्यावरून आणि कडांवरून सांगू शकते. केमिस्ट्री शिकवते, तेवढं यायलाच हवं.

तुमच्या चिठ्ठीत मात्र असं होतं: 'पुलगावकडचा वाडा. दिवानखाना. जोडीतली एक. दुसरी धाकट्याकडे, वाटनीत.'

मालगुजारी १९५१मध्ये गेली. वाडे मात्र नंतर कितीतरी वर्षं हळूहळू रिकामे होत गेले: आधी जमिनी, मग सागाचे खांब, मग झुंबरं, मग भांडी. फुलदाण्या नेहमी जोडीनं घेतल्या जायच्या आणि वाटणीत जोड्या तुटायच्या, प्रत्येक भावाला एकेक. बाजारात सुट्या फुलदाण्या एवढ्या का दिसतात, ते मला त्या चिठ्ठीनं सांगितलं. धाकट्याच्या घराचा माग तुम्हीच काढलात, तोही लोखंडाच्या जुन्या ग्राहकांकडून. आर्वीच्या त्या घरी धाकट्याच्या नातसुनेनं दुसरी फुलदाणी कपाटावरून काढून दाखवली. तिच्यात विजेची बिलं खोचलेली. आणि ओठावरचा सोन्याचा मुलामा सगळा शाबूत, कारण त्या घरात तिच्यात कधी पाणीच घातलं नव्हतं! माझ्याकडची कशी दिसत असेल, ते मला तिच्याकडे पाहून कळलं.

ती विकायची का, असं मी विचारणार तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे पाहून मान हलवलीत आणि बाहेर आल्यावर म्हणालात, "तिची वस्तू आहे, तिले राहू द्या. बिलं कुठं ठेवन ते?" बरोबर होतं. पण निघताना तुम्ही त्या बाईला शहरातला भावही सांगितलात, तोही माझ्यासमोर. उद्या कुणी दारावर येऊन दोनशे रुपयांत उचलून नेऊ नये म्हणून. असा खरेदीदारासमोर भाव सांगणारा भंगारवाला मी दुसरा पाहिला नाही. तुमच्या मुलाला ते आवडत नाही, हेही मला ठाऊक आहे. त्याचंही चुकीचं नाही, दुकान त्याला चालवायचं आहे.

आता भद्रावतीच्या, म्हणजे जुन्या भांदकच्या, मातीच्या फुलदाणीबद्दल. लांब मान, राखाडी-निळसर झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), बुडाजवळ तीन ठिकाणी झिलई नाही. झिलईच्या घोळात बुडवताना बोटांनी धरलं होतं, त्या बोटांच्या जागा आहेत त्या. आत हात घातला की चाकावर माती वर खेचतानाच्या वळ्या लागतात आणि बुडावर दोऱ्यानं कापल्याच्या शिंपल्यासारख्या रेषा. साच्यातल्या मालाला या खुणा नसतात. शिक्का नाही, सही नाही. शहरातल्या कुठल्याही जाणकारानं 'स्टुडिओ पॉटरी, अनामिक', म्हणजे कुणा अनोळखी कलाकारानं हातानं घडवलेली, असं लिहून ती बाजूला ठेवली असती. तुमची चिठ्ठी म्हणते: 'हिंगनघाट. रिटायर मास्तर. भांदकले ट्रेनिंगले गेले तेव्हा सोताच्या हातानं केली. आता डोये गेले, म्हनून मुलानं घर आवरलं.'

गांधीवादी कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी भद्रावतीला ग्रामोदय संघ उभा केला. कुंभारांना चांगली माती, चांगली भट्टी, चांगली झिलई मिळावी, असा त्यामागचा विचार. आपल्याकडच्या स्टुडिओ पॉटरीबद्दल बोलताना लोक दिल्लीचे गुरुचरण सिंग सांगतात, ज्यांनी १९५२मध्ये दिल्ली ब्लू पॉटरी काढली. पाँडिचेरीची १९७१ची गोल्डन ब्रिज पॉटरी सांगतात. निर्मला पटवर्धनांच्या झिलया सांगतात. ती कामं मोठीच आहेत, माझीही हौस तीच. पण घराजवळचं भांदक त्या यादीत सहसा येत नाही, आणि तिथं जाऊन चाकावर बसलेले एक मास्तर तर येणारच नाहीत. माझ्या कपाटात ते आहेत, नावासकट. नाव इथं लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारायचं राहिलं आहे.

एक गोष्ट तुम्ही घेतली नाहीत, तीही सांगते. नांगरताना निघालेलं मडकं घेऊन तो पोरगा आला होता. बाहेरून लाल, आतून आणि ओठाला काळं कुळकुळीत. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथल्या शिळावर्तुळांत, म्हणजे गोलाकार दगड मांडलेल्या प्राचीन दफनांत मिळतात, तसलं. भांडं उलटं ठेवून भाजलं की आत हवा पोचत नाही आणि आतली बाजू काळी राहते. आपल्या भागात लोखंड वितळवणाऱ्या लोकांची ती भांडी. माझा हात पुढं गेलाच होता. तुम्ही त्याला म्हणालात, "जमिनीतून निघालेलं मी घेत नाही भाऊ. तहसीलमध्ये दाखव." कायदाही तेच सांगतो. जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दल कलेक्टरला कळवायचं, हे १८७८पासून आहे; आणि शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी पाठवता येत नाही, हे १९७२च्या कायद्यात आहे. जमवणाऱ्यांपैकी अनेकांना हे दोन्ही कायदे ऐकूनसुद्धा माहीत नसतात. मडक्यासोबत त्याचं शेतही सरकारी कागदावर यायला हवं, हे तुम्हाला कायदा न वाचताच कळतं, कारण तुमच्या चिठ्ठ्यांमागचं कारणही तेच आहे.

बाकी बारीकसारीक शिकवण किती सांगू! मे महिन्यात पत्र्याखाली तापलेली काच लगेच गार पाण्यात घालायची नाही, तडकते. आधी सावलीत, मग कोमट पाण्यात. बोअरच्या पाण्याचा आतला पांढरा थर व्हिनेगरनं निघतो. नाही निघाला, तर तो थर नाहीच, ओलीनं काच स्वतःच खराब झाली आहे, घासत बसू नका. हे तुम्ही सांगितलंत आणि पुस्तकातही तसंच निघालं. टिचकी मारून आवाज लांबला की काचेत शिसं, हे तर तुम्ही कानानं सांगता. त्या पिवळसर हिरव्या फुलदाणीवर तुम्ही नोटा तपासायचा निळा दिवा धरलात आणि ती अंधारात हिरवीगार पेटली, तेव्हा तुमची नात किंचाळली होती. युरेनियम होतं ते. बोहेमियात १८३०च्या दशकापासून रंगासाठी घालत. मँगनीजची काचही मंद चमकते, म्हणून नुसत्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही, पण तशी हिरवी आग मँगनीज दाखवत नाही.

आणि तुमचं पॅकिंग! बबल रॅप, थर्माकोल काही नाही. सरकीसकट कापूस गच्च भरून, वरून युरियाचं रिकामं पोतं. एसटीच्या मागच्या सीटवरून इतक्या फुलदाण्या आणल्या, एकीलाही टवका नाही. घरी आल्यावर मात्र आठवडाभर सगळीकडं सरकी.

आता काम. मी प्रत्येक फुलदाणीचा फोटो, मापं आणि तुमची चिठ्ठी अशी वही करते आहे. चिठ्ठ्या जशाच्या तशा, तुमच्याच भाषेत. 'दिवानखाना'चा न मी सुधारणार नाही. मूळ चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पाकिटांत घातल्यात, कारण बॉलपेनची शाई उडायला लागली आहे. एक प्रत तुमच्या दुकानात राहील. तुमच्या मुलानं ती ग्राहकांना दाखवली तर कदाचित त्यालाही या उद्योगात काही मिळकत दिसेल. चिठ्ठी असलेल्या वस्तूला जास्त पैसे द्यायला मी तरी तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी निघतील.

मात्र तीन वस्तूंच्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत. एक फिरोजाबादच्या जैन काच कारखान्याची फुलदाणी, रंग बदलणारी, मासा असलेली. एक तपकिरी-पांढरी बरणी, लोणच्याची. आणि एक बिनकानाची निळी सुरई, तिच्यावर फक्त 'समुद्रपूर' एवढंच उरलं आहे, बाकी पावसात धुऊन गेलं. रविवारी येते. तुम्हाला आठवेल ते सांगा, मी लिहून घेते. आणि चहा मी आणते, तुमच्या शेजारच्या टपरीवाल्याचा अगदीच गोड असतो.

तुमची,
केमिस्ट्रीवाली मॅडम